पेटीभर अंधार

इथर ३४.६ अंश सेल्सियसला उकळतं. नाशिकला मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे सावलीत ठेवलेल्या इथरच्या बाटलीचं बूच काढलं तरी आतलं द्रव्य खदखदू लागेल. ओल्या काचेवर फोटो काढण्याचा माझा बेत पहिल्यांदा अडला तो या आकड्यापाशी. कॅमेरा जुळवता आला होता, काचा मिळाल्या होत्या, रसायनांची यादी तयार होती. पण हे काम उघड्यावर करायचं तर सोबत एक अंधारी खोली न्यावी लागते, आणि ती खोली नाशिकच्या उन्हात, धुळीत नि वाऱ्यात टिकली पाहिजे. पुढचं सगळं वर्ष त्या खोलीच्या विचारात गेलं. शेवटी ती पाऊण मीटर रुंदीच्या एका लाकडी पेटीत मावली. या कलेत कॅमेऱ्यापेक्षा पेटीला जास्त अक्कल लागते, असं माझं मत झालं आहे. ते कशावरून झालं, ते सांगते.

आधी ओली काच म्हणजे काय ते पाहू. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवला की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं. दिसायला कापूसच, पण ठिणगी लागली तर भपकन पेटून जाणारा. तो इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की पाकासारखा दाट द्रव मिळतो, त्याला कलोडियन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर तो जखमेवर लावत असत. वाळला की त्वचेवर पातळ पापुद्रा धरतो. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने १८५१ साली दाखवून दिलं, की हाच पापुद्रा काचेवर धरला आणि त्यात चांदीचे क्षार मुरवले, तर त्यावर अतिशय बारीक तपशिलाची छबी उमटते. आर्चरने या शोधाचं पेटंट घेतलं नाही. तो १८५७ साली गरिबीत वारला, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं जगभरचे फोटोग्राफर त्याच्याच रीतीने फोटो काढत राहिले.

रीत अशी. कलोडियनमध्ये आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार आधीच मिसळलेले असतात. ते स्वच्छ काचेवर ओतायचं, काच चारी कोपऱ्यांकडे झुकवून सारखं पसरवायचं, उरलेलं बाटलीत परत घ्यायचं. दहा-पंधरा सेकंदांत ते चिकटसर होतं. मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन मिनिटं बुडवायची. आत चांदी आणि आयोडाइड यांची गाठ पडते, पारदर्शक पापुद्रा सायीसारखा पांढुरका होतो, आणि त्या क्षणापासून काच उजेडाला जागी होते. इथून पुढे घड्याळ सुरू. काच कॅमेऱ्यात घालायची, उघडझाप करायची, परत आणायची आणि तिच्यावर हिराकसाचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, पाणी ओतून छबी बाहेर काढायची. हे सगळं पापुद्रा ओला आहे तोवर उरकायला हवं. तो वाळला की कातड्यासारखा घट्ट होतो, डेव्हलपर त्यात शिरत नाही, आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक उगवतात. थंड हवेत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. नाशिकच्या मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात मला पाचसुद्धा मिळाली नाहीत.

अंधारी खोली कॅमेऱ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर का लागते, त्याचं कारण हेच. घरी काच तयार करून डोंगरावर जाता येत नाही आणि डोंगरावर फोटो काढून घरी येऊन धुता येत नाही.

या अडचणीमुळेच हिंदुस्थानातल्या बऱ्याच फोटोग्राफरांनी सुरुवातीला काचेकडे पाठ फिरवली. १८५० च्या दशकात इथे कागदी निगेटिव्हचा जोर होता. मेण पाजलेला कागद आधी तयार करून ठेवता येई, प्रवासात न्यायला हलका, आणि छबी रात्री मुक्कामावर काढली तरी चाले. १८५५ साली विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्या कॅप्टन बिग्जने कागदच वापरला. पण कागदाचे तंतू छबीत उतरतात, कोरीवकामाची धार बोथट होते. काचेवर तीच धार केसागणिक दिसते. ज्याला ती धार हवी त्याने वजन उचलायचं, असा सरळ सौदा होता.

वजन म्हणजे किती? बारा बाय दहा इंचांची तीन मिलिमीटर जाड काच सुमारे ५८० ग्रॅम भरते. शंभर काचांचे ५८ किलो झाले. त्यावर रसायनं, पाणी, कॅमेरा, तिवई आणि अंधाराचा तंबू. रॉजर फेंटन १८५५ साली क्रिमियाच्या युद्धावर गेला तेव्हा त्याने एका दारूविक्याची घोडागाडी विकत घेऊन तिची अंधारी खोली केली होती; सोबत पाच कॅमेरे आणि सातशे काचा. फोटोग्राफर सॅम्युअल बोर्न हिमालयात निघाला तेव्हा त्याच्या मागे हमालांची रांग होती. आपल्याकडे कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याआधी मुंबईहून नाशिकला काचा आणायच्या तर घाट बैलगाडीने चढायचा. गाडीच्या चाकाखालच्या एकेका दगडाचा हादरा त्या काचांपर्यंत पोचत असणार. आज महामार्गावरून घाट ओलांडताना मला त्या पेट्या आठवतात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि तिच्यात आपली माणसं लवकर होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे स्वतः डॉक्टर, आणि संस्थेच्या कार्यकारिणीत बसणारे फोटोग्राफर. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक फोटोग्राफर झाले. त्या काळी फोटोग्राफीत डॉक्टर इतके का दिसतात, याचं उत्तर मला रसायनांच्या यादीत सापडलं. इथर भुलीसाठी, कलोडियन जखमेसाठी, सिल्व्हर नायट्रेट चामखीळ नि व्रण जाळण्यासाठी. ओल्या काचेचं निम्मं सामान डॉक्टरांच्या कपाटात आधीच होतं.

लेण्यांचं म्हणाल तर या रीतीशी सर्वांत जास्त झुंजलेला माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घ्यायला आला आणि तिथलाच झाला. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत जळाली. पण त्याआधी त्याने कॅमेरा हाती घेतला होता. जोडभिंगाच्या कॅमेऱ्याने काढलेली, स्टिरिओस्कोपमधून पाहायची त्याची छायाचित्रं वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली दोन पुस्तकांत निघाली. अजिंठ्याच्या घळीत हे काम करणं म्हणजे काय, याचा अंदाज हातात ओली काच धरल्याशिवाय येत नाही. खाली वाघूर नदी, वर उभा कडा, आत मिट्ट काळोख, आणि बाहेरच्या उन्हात वाळू पाहणारा पापुद्रा. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आमच्या पांडवलेण्यांची अडचण वेगळी. त्रिरश्मी डोंगराच्या कुशीतली ही लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत. भिक्षूंना त्यामुळे दिवसभर सावली मिळाली, फोटोग्राफरला मात्र कोरीवकामावर तिरपं ऊन मिळत नाही. अठराव्या क्रमांकाच्या चैत्याचं दर्शनी तोंड काय किंवा तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख काय, दोन्ही मऊ, सपाट उजेडात असतात. काळ्या बसाल्टवर असा उजेड पडला की अक्षरं दगडात बुडून जातात. म्हणून इथले शिलालेख डोळ्यांनी आणि हातांनी उतरवले गेले. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे बसून ते वाचले, आणि त्यांनी लिहिलेलं पांडवलेण्यांचं वर्णन १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे. जिथे काच कमी पडली तिथे त्या माणसाची नजर पुरली, हे मला फार मोठं वाटतं.

आता पेटीकडे येते.

मिस्त्रींकडे गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, आत काय ठेवणार?” मी म्हटलं, अंधार. ते हसले नाहीत. “मग सांधे नीट लागतील,” एवढंच म्हणाले. इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

माप ठरवण्याआधी आत नेमकं काय करायचं ते ठरवावं लागतं, कारण सगळं आत करायची गरज नसते. कलोडियन उजेडात ओतलं तरी चालतं; चांदी लागेपर्यंत ते आंधळंच असतं. डेव्हलप करून पाणी ओतलं, की हायपोत, म्हणजे छबी पक्की करणाऱ्या द्रावणात, बुडवण्याचं कामही उजेडात करता येतं. म्हणजे पेटीत कामं तीनच: चांदीत बुडवणं, प्लेट होल्डरमध्ये भरणं, आणि परत आल्यावर डेव्हलप करणं. माझी काच चार बाय पाच इंचांची. तिच्यासाठी ७५ सेंटिमीटर रुंद, ४५ खोल आणि ५० उंच पेटी पुरली. सगळीकडे नऊ मिलिमीटरचा प्लाय घेतला असता तर नुसतं लाकूडच अकरा किलो भरलं असतं. तळ नऊचा आणि बाकी बाजू सहाच्या घेतल्या, तेव्हा ते आठ किलोंवर आलं. प्लाय पाण्याला टिकणाराच हवा, कारण आत रोज सांडणार आहे. तळाला एका कोपऱ्याकडे सेंटिमीटरभर उतार दिला आणि त्या कोपऱ्यात नळी बसवली. नळी सरळ ठेवली तर तिच्यातून उजेड वर येतो, म्हणून तिला खाली वळसा दिला.

तोंड आत की बाहेर, हा दुसरा निर्णय. जुन्या चित्रांत फोटोग्राफर काळ्या कापडाखाली कमरेपर्यंत शिरलेला दिसतो. त्यात हात मोकळे राहतात आणि दिसतंही नीट. पण कलोडियन लावलेल्या काचेतून इथरची वाफ निघत असते, आणि बंद कापडात ती थेट नाकात जाते. इथर म्हणजे एके काळचं भुलीचं औषध. डोकं जड होतं, हात चुकतात. मी बाह्यांची रीत निवडली. पेटीच्या पुढच्या बाजूला दोन गोल भोकं, त्यांना दोन पदरी काळ्या कापडाच्या बाह्या, टोकाला कोपरावर आवळणारं इलॅस्टिक. तोंड बाहेर, आणि वरच्या उतरत्या झाकणात बघायला खिडकी. जत्रेत मिनिट कॅमेरा घेऊन बसणारे फोटोवाले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्यांच्या कॅमेऱ्याला बाही असायची, आणि फोटो डब्याच्या पोटातच धुतला जायचा. पण त्यांचा कागद कोरडा, आयता विकत आणलेला. माझी काच ओली असते, म्हणून मला दोन्ही हात आत लागतात.

खिडकी लाल असते, आणि इथे या रीतीने आपल्यावर मोठी मेहेरबानी केली आहे. कलोडियनची काच फक्त निळा, जांभळा आणि अतिनील उजेड ओळखते. लाल उजेड तिला दिसतच नाही. म्हणून पेटीत मिट्ट काळोख लागत नाही. लाल उजेडात छबी उगवताना डोळ्यांनी पाहता येते. मी लाल अॅक्रिलिकचे दोन थर एकावर एक बसवले, कारण एका थरातून थोडा निळा उजेड निसटत होता. हे कळलं कसं? चांदी लावलेली काच पेटीत ठेवली, तिच्यावर एक नाणं ठेवलं, तीन मिनिटं थांबले आणि डेव्हलप केली. काचेवर नाण्याचा गोल दिसला तर खिडकी चोर आहे. माझ्या काचेवर तो दिसला. दुसरा थर लावल्यावर गोल नाहीसा झाला.

सांध्यांची परीक्षा त्याहून सोपी. रात्री खोलीतले दिवे घालवायचे, पेटीत दिवा लावून झाकण लावायचं आणि बाहेरून चहूबाजूंनी बघायचं. बिजागरीच्या बाजूला एक लकेर दिसली. मिस्त्रींनी तिथे आतून लाकडी पट्टी मारून खाच केली, झाकणाची कड त्या खाचेत बसू लागली. उजेडाला वळण घेता येत नाही, एवढं एक सूत्र धरलं की सगळी पेटी बांधता येते. हवेच्या भोकांनाही तेच. भोकासमोर आडवी पट्टी मारली की वारा वळसा घालून जातो आणि उजेड पट्टीवर आपटून थांबतो. ही भोकं तळाशी हवीत. इथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते, ती खाली साचते. वर भोकं ठेवली तर ती आतच राहील, आणि ती अतिशय ज्वालाग्राही आहे. म्हणून पेटीपासून दूर वाऱ्याच्या वाटेवर कलोडियन ओतायचं, जवळपास विडी-काडी काही नको, आणि पेटीत दिव्याचं बटणसुद्धा नको. माझा लाल दिवा खिडकीच्या बाहेर बसतो.

आता धातूची गोष्ट, आणि ती नाशिककरांना सांगितलीच पाहिजे. आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. भांडी बाजारातून जाताना एखादं देखणं तांब्याचं घंगाळ दिसलं की वाटतं, चांदीच्या द्रावणाला याहून शोभेसं पात्र कुठलं? पण सिल्व्हर नायट्रेटला तांबं लागलं की तांबं विरघळतं आणि चांदी त्याच्यावर काळ्या-करड्या बुरशीसारखी बाहेर पडते. पाणी निळं होत जातं. पितळेचा, लोखंडाचा तोच गुन्हा. म्हणून पेटीच्या आत धातूचा एक खिळासुद्धा उघडा ठेवला नाही. बिजागऱ्या बाहेर, आत डिंकाचे आणि लाकडी खुंट्यांचे सांधे. चांदीचं द्रावण अॅक्रिलिकच्या उभ्या, अरुंद टाकीत राहतं. आडव्या ट्रेपेक्षा टाकी बरी. प्रवासात हिंदकळत नाही, झाकण बसतं, धूळ कमी पडते.

त्या टाकीत साडेसहाशे मिलिलिटर द्रावण लागतं, शंभराला नऊ या प्रमाणात. म्हणजे अंदाजे साठ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, आणि त्यात तीन तोळ्यांहून जास्त शुद्ध चांदी. सराफ बाजारातून एवढी चांदी आणली तर आपण ती कपाटात कुलपात ठेवू. मी ती नायट्रेटच्या रूपात डांबरी रस्त्यावरून गाडीत घालून फिरवते, तेव्हा टाकीचं झाकण दहादा तपासते. द्रावण बोटांना लागलं तर उजेडात काळे डाग पडतात आणि आठवडाभर राहतात. डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. हातमोजे आणि चश्मा यांवाचून हे काम करू नये.

पाणीही नळाचं चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की दुधासारखं पांढरं होतं, म्हणजे चांदी वाया. टाकी आणि डेव्हलपर, दोन्हींसाठी डिस्टिल्ड वॉटर. धुण्याला मात्र नळाचं पाणी चालतं, आणि ते पुष्कळ लागतं. अर्ध्या दिवसाच्या कामाला मी वीस लिटरचा जार नेते.

उन्हासाठी पेटी बाहेरून पांढरी रंगवली. वर पोत्याचं ओलं तरट टाकते, जसं माठाला गुंडाळतात तसं. नाशिकची हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी असते, तरटातलं पाणी झटझट उडतं आणि पेटी गार राहते. मार्चनंतर मी पेटी उघडत नाही. पावसाळ्यात दुसरंच संकट: कलोडियन लावलेल्या काचेवर हवेतला दमट ओलावा बसला की पापुद्रा जाळीदार, धुरकट होतो.

गेल्या डिसेंबरात गंगापूर धरणाच्या पाणफुगवट्यावर सकाळी आठला पेटी मांडली. तिवईच्या स्टँडवर पेटी कोपरांच्या उंचीला आली, नाहीतर पाठ जाते. आत डावीकडे टाकी, मधे डेव्हलपरची वाटी, उजवीकडे पाणी, आणि हा क्रम कधी बदलायचा नाही, कारण खिडकीतून दिसत असलं तरी हात सवयीने चालतात. पहिली काच हातात घेतली. फ्रेमवाल्याकडून आणलेली साधी दोन मिलिमीटरची काच, कडा घासलेल्या, खडूची भुकटी आणि अल्कोहोलने पुसलेली. कलोडियन ओतलं, टाकीत सोडली, तीन मिनिटं. बाहेर काढून निथळली, होल्डरमध्ये घातली. यात एक गोष्ट पक्की सांभाळायची: काचेची जी कड टाकीत खाली होती तीच शेवटपर्यंत खाली राहिली पाहिजे. उलटली तर खाली साचलेली चांदी परत वर ओघळते आणि आकाशात शिंपल्यासारखे डाग पडतात. कॅमेऱ्याशी जाऊन आठ सेकंद झाकण उघडलं, परत आले, बाह्यांत हात घातले. हिराकसाचं पाणी एका झटक्यात, न थांबता, पूर्ण काचेवर फिरवावं लागतं. दहाव्या सेकंदाला आकाश आलं, मग पाणी, मग काठावरची बाभूळ. पंधराव्याला पाणी ओतून थांबवलं.

बाहेर काढून हायपोत सोडली. निळसर, धुरकट दिसणारी काच पाहता पाहता स्वच्छ झाली आणि छबी सुलट झाली. खरं तर ती निगेटिव्हच असते, पण विरळ. तिच्यामागे काळं आलं की चांदीचा पापुद्रा उजळ दिसतो आणि मोकळी काच काळी. पूर्वी हायपोऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरत. त्याला आम्ल लागलं तर प्राणघातक वायू निघतो, आणि डेव्हलपरमध्ये आम्ल असतंच. मी ते घरात आणणार नाही, आणि कोणी आणू नये.

त्या काचेत आकाश कोरं पांढरं आलं होतं आणि बाभळीचा हिरवा पाला जवळजवळ काळा. लाल-पिवळा न दिसण्याची किंमत ती हीच. या काचेला झेंडू काळा दिसतो, कपाळावरचं कुंकू काळं, हळद काळपट, आणि फिकट निळं लुगडं पांढुरकं. आपल्या तांबूस-गव्हाळ कातडीवर तिचा परिणाम असा, की माणूस असतो त्याहून बराच काळा उतरतो. विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत घेतलेली माणसं दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत, हे आज सर्वांना ठाऊक आहे. चेहऱ्यांचा काळेपणाही काचेने वाढवलेला आहे, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही. ते चित्र पाहून कोणाच्या वर्णाबद्दल काही ठरवणं ही चूक आहे.

१८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच सुचवली, आणि पुढच्या दशकभरात कारखान्यातल्या तयार काचांनी अंधाराच्या पेट्या अडगळीत धाडल्या. ओली काच मात्र एका धंद्यात टिकली: छपाईचे ब्लॉक करण्याच्या. रेषा खणखणीत हवी, तपशील बारीक हवा आणि खर्च कमी, यात तिला पुढे कितीतरी वर्षं तोड नव्हती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण आणि छपाईची तंत्रं शिकले, पुढे लोणावळ्याला त्यांनी ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला. सिनेमाच्या काळात त्यांच्या घरातली अंधारी खोली सरस्वतीबाईंनी सांभाळली. रात्री बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, फिल्म धुणं, ही कामं त्या करत. आणि ती फिल्म कशाची होती? नायट्रोसेल्युलोजची. आम्लात मुरलेल्या कापसाची, माझ्या बाटलीतल्या कलोडियनची सख्खी बहीण. तितकीच पेटणारी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथून वरच्या लेण्यांकडे बघताना मला ओली काच आणि ती फिल्म एका धाग्यात दिसतात.

वर लेण्यांत मी पेटी नेत नाही. तिवई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ते एक झालं. पण परवानगी मिळाली तरी नेणार नाही. दोन हजार वर्षांच्या दगडावर चांदीचा एक शिंतोडा पडला तर तो डाग कोणालाही काढता येणार नाही.

तीच गोष्ट पाण्याची. चांदीचे क्षार मासे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव यांना मारक आहेत. गोदावरीकाठी काम करणाऱ्याने धुण्याचं पहिलं पाणी कॅनमध्ये भरून घरी आणावं. त्यात मीठ टाकलं की चांदी पांढऱ्या चोथ्यासारखी तळाला बसते. वापरलेल्या हायपोतली चांदी मिठाला दाद देत नाही. त्यात लोखंडी घासणीचा गुंता आठवडाभर बुडवून ठेवला की ती लोखंडावर उतरते. दोन्ही गाळ साठवून चांदी गाळणाऱ्याला देता येतात.

एक विनंती आहे. नाशिकच्या, येवल्याच्या, सिन्नरच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून काचांच्या पेट्या निघतात. धुळकट, करड्या, काही न दिसणाऱ्या काचा. त्यांतल्या बहुतेक पुढच्या काळातल्या जिलेटिनच्या असतील, एखादी कलोडियनचीही असेल. माळा साफ करताना त्या ओल्या फडक्याने पुसू नका, साबणाने धुऊ नका. छबी काचेवर नुसती पापुद्र्याने बसलेली असते आणि फडक्याबरोबर निघून जाते. कडांनी धरा, एकेक काच साध्या कोऱ्या कागदात गुंडाळा, उभी ठेवा. आणि गुंडाळण्याआधी एकदा ती काळ्या कापडावर ठेवून तिरप्या उजेडात बघा. कदाचित त्यात कोणीतरी बसलेलं दिसेल.